जीर्णोद्धार कुणासाठी?

ठाणे म्हटलं की तलाव, कोपिनेश्वर आणि १८५३ साली धावलेली पहिली आगगाडी, एवढंच बहुतेकींना आठवतं. पण याच गावात मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज वारसा सांगणारं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, १८२५ सालचं सेंट जेम्स चर्च आहे आणि बेने इस्रायली समाजाचं १८७९ सालचं सिनेगॉगही आहे. देवळांइतकीच हीसुद्धा आपल्या गावाची ठेव. त्यामुळे अशा वास्तूंच्या दुरुस्तीचा विषय निघाला की मी कान टवकारते.

आपल्याकडे दुरुस्ती म्हणजे काय हो? जुनी फरशी उखडा, गुळगुळीत टाइल्स बसवा, दगडावर ऑइलपेंट फासा. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. पावसाळ्यात शिरलेली ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती आतच कोंडते. मग पोपडे निघतात, वीट भुसभुशीत होते. दर दिवाळीला ओल आलेली भिंत रंगवणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको!

काम नीट झाल्याची उदाहरणंही जवळच आहेत. भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला २०१७ साली आणि तिथल्याच ग्लोरिया चर्चला २०१९ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत गौरवण्यात आलं.

पण वास्तू नुसती देखणी करून भागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला पायऱ्या चढता येत नसतील, लग्नाला किंवा अंत्यविधीला आलेल्या बायकांना स्वच्छतागृहच नसेल, तर ती शोभा काय कामाची? काही जण म्हणतील, वारसा आहे, हात लावू नका. त्यांची भीती खोटी नाही. पण मूळ भिंतीला धक्का न लावता बाजूच्या दाराशी उतार करता येतो, आवारात मागच्या बाजूला स्वच्छतागृह बांधता येतं. प्रार्थनेव्यतिरिक्तच्या वेळी आवारातल्या एखाद्या खोलीत बालवाडी, बचत गट, मुलांची अभ्यासिका चालली, तर वास्तूलाच त्याचा फायदा. बंद घराला वाळवी लागते. रोज माणसं येणाऱ्या घरात कौल सरकलेलं लगेच दिसतं.

पैसे नेहमीच अपुरे असतात, म्हणून क्रम ठरवावा. आधी छप्पर आणि पन्हळी, मग उतार आणि स्वच्छतागृह, शोभेचं काम शेवटी. प्रत्यक्षात होतं उलटंच. दिव्यांची रोषणाई आधी येते, कारण देणगीदाराच्या नावाची पाटी पन्हळीवर लावता येत नाही ना!

हा क्रम ठरवतं कोण? बहुतेक ठिकाणी समितीत पुरुषच. झाडलोट, फुलं, सणाचा स्वयंपाक मात्र बायकांकडे. पाणी कुठे गळतं, कुठला कोपरा अंधारा, कुठे पाय घसरतो, हे त्यांनाच ठाऊक असतं.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात देऊळ असो, चर्च असो की दर्गा, वर्गणीची पावती फाडण्याआधी तीन गोष्टी विचारा. जुन्या बांधकामाचा जाणकार वास्तुविशारद नेमलाय का? बायकांची आणि म्हाताऱ्यांची सोय आराखड्यात आहे का? आणि समितीत बायका किती? उत्तरं मिळाली की मगच पर्स उघडा.