बरे होणे आणि बरे वाटणे

सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच एक भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी दिला. बरे होण्याची आशा उरली नसेल, तर केवळ यंत्रांच्या आधारे आपला श्वास चालू ठेवू नये, असे शुद्धीवर असतानाच लिहून ठेवण्याची मुभा त्या निकालाने दिली. या दस्तऐवजाला ‘लिव्हिंग विल’ किंवा वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची स्वाक्षरी घेण्याची अट इतकी किचकट होती की, हा हक्क बराच काळ कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानेच ही अट सैल केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घेतले की काम भागते. २०२४ साली गोव्यात असे इच्छापत्र पहिल्यांदा नोंदवले गेले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांचे. जानेवारी २०२५मध्ये कर्नाटक सरकारनेही या निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला.

एकंदरीत कायद्याची गाडी रुळावर आली आहे. पण मला पडणारा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. यंत्र कधी थांबवायचे, हे कायदा सांगेल. पण दुर्धर आजाराचे निदान झाल्यापासून अखेरच्या श्वासापर्यंतचे जे आठवडे, महिने किंवा वर्षे असतात, ती माणसाने कशी काढायची? त्या काळात त्याचे मन शांत व्हावे म्हणून आपण काय करतो? याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात मिळणार नाही.

या चर्चेची सुरुवात आपल्या मुंबईतूनच झाली, हे आवर्जून आठवले पाहिजे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना दयामरण द्यावे, ही पिंकी विराणी यांची याचिका मार्च २०११मध्ये फेटाळली गेली. परंतु विशिष्ट परिस्थितीत उपचार थांबवता येतील, हे तत्त्व त्याच निकालात प्रथम मान्य झाले. याचिकेला केईएमच्या परिचारिकांचा विरोध होता. मे २०१५मध्ये अरुणाताईंचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. या वादात कोणाची बाजू बरोबर होती, यावर मतभेद राहतील. मात्र ज्यांना बरे करता येत नाही त्यांच्यासाठीही करण्यासारखे पुष्कळ असते, हे त्या परिचारिकांनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले.

आपल्या मराठीत या गोष्टीसाठी एक सुंदर भेद तयारच आहे. रोग ‘बरा होतो’ आणि माणसाला ‘बरे वाटते’. आजाऱ्याला भेटायला जाणारी मंडळी ‘आता बरं वाटतंय ना?’ असे विचारतात, ते उगीच नव्हे. रोग बरा होणार नसला तरी माणसाला बरे वाटू शकते; आणि क्वचित असेही होते की, रोग बरा होतो, पण माणसाला काही केल्या बरे वाटत नाही. आधुनिक वैद्यकाने पहिल्या क्रियापदात थक्क करणारी प्रगती केली. दुसरे क्रियापद मात्र त्याच्या हातून निसटत गेले.

ते पुन्हा हाती घेतले लंडनच्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणपंथाला लागलेल्या माणसाची वेदना एकेरी नसते, हा त्यांचा मूलभूत विचार. शरीर दुखत असतेच. शिवाय भीती असते, घरच्यांची आणि पैशांची चिंता असते आणि ‘माझ्या जगण्याला काय अर्थ होता?’ हा प्रश्नही असतो. या चारही वेदना एकमेकींना खतपाणी घालतात, म्हणून चौघींचा विचार एकत्रच करायला हवा. आज ज्याला आपण ‘पॅलिएटिव्ह केअर’ किंवा परिहार सेवा म्हणतो, तिचा पाया हाच आहे.

यातला क्रम फार महत्त्वाचा आहे. कर्करोग हाडात उतरलेल्या, रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला ‘देवाचं नाव घ्या’ असे सांगणे सोपे असते. पण नाव घ्यायला लागणारे मनच वेदनेने व्यापलेले असते. आधी दुखणे आवरले पाहिजे. त्यासाठी लागणारे मॉर्फिन हे औषध महागही नाही आणि दुर्मीळही नाही. ज्या अफूपासून ते बनते, तिची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. तरीही १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले आणि कडक शिक्षेचा असा धाक घातला की, रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, नियम देशभर एकसारखे झाले. भीती मात्र अजून गेलेली नाही. मॉर्फिनचे व्यसन लागते, मॉर्फिन म्हणजे शेवटचे इंजेक्शन, असे समज घरोघरी आहेत. जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापात दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा आणि त्याने मरण लवकर येते, हेही खरे नाही.

शरीराची वेदना आवरली की दुसरी भिंत लागते. ती आपण स्वतःच बांधलेली असते. ‘डॉक्टर, जे काही असेल ते आम्हांला सांगा, त्यांना मात्र काही कळू देऊ नका.’ हे वाक्य आपल्याकडच्या तपासणीच्या प्रत्येक खोलीत ऐकू येते. त्यामागे माया असते, याबद्दल शंका नाही. पण आजारी माणूस काही दूधखुळा नसतो. फाइल लपवली जाते, मुले स्वयंपाकघरात कुजबुजतात, वर्षानुवर्षे न फिरकलेले नातेवाईक एकाएकी पुण्याहून, नागपूरहून येऊन जातात. त्याला सगळे कळलेले असते; आणि आपल्याला कळले आहे हे घरच्यांना कळू नये, म्हणून तोही बिचारा नाटक करत राहतो. ज्या दिवसांत माणसाला सर्वांत जास्त सोबतीची गरज असते, त्याच दिवसांत भरल्या घरात तो एकटा पडतो. याचा अर्थ एका सकाळी जाऊन सगळे सत्य त्याच्या अंगावर ओतावे, असा नव्हे. ‘तुम्हांला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचं आहे?’ असे त्यालाच विचारावे. नको म्हणाला तर थांबावे. पण विचारण्याचा मान त्याला द्यावा.

सत्य सांगितले तर माणूस खचेल, लवकर जाईल, अशी भीती घरच्यांना वाटते. येथे एका संशोधनाचा दाखला देण्यासारखा आहे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याच उपचारांबरोबर पहिल्यापासून परिहार सेवा मिळाली. म्हणजे वेदना, मन, घर आणि पुढची वाटचाल यांवर मोकळी बोलणी झाली. या दुसऱ्या गटात नैराश्य कमी आढळले. शेवटच्या दिवसांत त्यांच्या शरीरावर उपचारांचा मारा कमी झाला, तरीही ते सरासरी अडीच महिन्यांहून अधिक काळ जास्त जगले. हा एकाच रोगावरचा अभ्यास आहे. त्यावरून सगळ्यांना तेच लागू करता येणार नाही. पण मोकळेपणाने बोलल्याने आयुष्य घटते, या समजाला त्याने चांगलाच छेद दिला आहे.

आता अध्यात्माकडे वळू. खरे तर मरणाविषयी बोलायला आपल्या परंपरेइतकी समृद्ध भाषा क्वचितच कोणाजवळ असेल. हरिपाठ आहे, गीतेचा आठवा अध्याय आहे, संतांची समाधी घेण्याची परंपरा आहे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनार आश्रमात अन्न, पाणी आणि औषध सोडून शांतपणे देह ठेवला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पण त्यामागे आयुष्यभराची साधना होती. तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसांनी तसेच मरावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. आपली अडचण वेगळीच आहे. ही सगळी शिदोरी आपण उशिरा सोडतो. तुळशीपत्र आणि गंगाजल मुखी पडते, तेव्हा बहुधा शुद्ध हरपलेली असते. त्याआधीच्या सहा महिन्यांत कोणी जवळ बसून हरिपाठ म्हणत नाही. कारण तसे केले तर ‘तसले काही’ सूचित होईल, असे वाटते.

दुसरीकडे, धर्माच्या नावाने काही जखमाही होतात. ‘मी कोणाचं काय वाईट केलं होतं?’ हा प्रश्न अंथरुणावरच्या बहुतेकांना छळतो. त्याच वेळी कोणी पूर्वजन्मीचे पाप काढतो, कोणी महागडी शांत सुचवतो, तर कोणी आधुनिक भाषेत ‘मन खंबीर ठेवलंत तर रोग पळून जाईल’ असे बजावतो. म्हणजे रोग हटला नाही तर दोष पुन्हा रुग्णाच्याच माथी! हे अध्यात्म नव्हे. माणसाच्या डोक्यावरचे ओझे जे उतरवत नाही, त्याला अध्यात्म तरी कसे म्हणावे?

मग मनाला उतार पडतो तो कशाने? परिहार सेवेत अनेक वर्षे काम केलेले अमेरिकेतील डॉक्टर आयरा बायॉक यांनी यावर लिहिले आहे. निरोपापूर्वी चार गोष्टी बोलून व्हाव्यात, असे ते सुचवतात : क्षमा मागणे, क्षमा करणे, आभार मानणे आणि प्रेम व्यक्त करणे. आपल्या घरांत यातली चौथी गोष्ट तोंडाने बोलायची पद्धत नाही. ती ‘जेवलास का?’ यातूनच व्यक्त होते, आणि तेवढी पुरतेही. पण पहिल्या तीन गोष्टी जाणून-बुजून कराव्या लागतात. वाटणीवरून वीस वर्षे अबोला धरलेल्या भावाला फोन लावून द्यावा लागतो. ‘आई, तू आमच्यासाठी फार केलंस’ हे तेराव्याच्या भाषणात म्हणण्याऐवजी तिला ऐकू येत असताना म्हणावे लागते. ज्याचा देवावर विश्वास नाही, त्यालाही हे लागू आहे.

एवढे सगळे एका कुटुंबाने एकट्याने पेलणे कठीण, म्हणून समाजाची व्यवस्था लागते. ती अशक्य नाही. डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला सुरू केलेले ‘शांती आवेदना सदन’ हे देशातले पहिले हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहार सेवा केंद्र १९९७पासून विनामूल्य चालते. तिथे रुग्णासोबत घरचे माणूसही राहते आणि शुश्रूषा शिकून घरी परतते. मात्र खरी मजल मारली ती केरळने. कोझिकोडला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटेसे काम सुरू केले. त्यातून गल्लोगल्लीचे स्वयंसेवक तयार झाले. २००८ साली राज्याने धोरण आखले आणि पंचायतींच्या परिचारिका रुग्णांच्या दारात जाऊ लागल्या. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२२ साली मृत्यूविषयीच्या अहवालात हेच उदाहरण जगापुढे ठेवले.

केंद्र सरकारचा परिहार सेवेचा कार्यक्रम २०१२चा आहे आणि महाराष्ट्रातही काही जिल्ह्यांत काम होते. पण केरळसारखे जाळे आपल्याकडे नाही. त्याची किंमत गरीब मोजतो. पैसेवाल्याचा प्रश्न यंत्र कधी काढायचे हा असतो. गरिबाच्या घरी पैसे संपतात तेव्हा यंत्र आपोआपच निघते. ‘सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या कागदावर अंगठा उमटवून त्याला गावी नेले जाते, तेथे ना मॉर्फिन असते ना परिचारिका. त्याला आपण सन्मानाने मरण्याचा हक्क म्हणणार असू, तर ती क्रूर थट्टाच होईल. ग्रामपंचायतींनी, सार्वजनिक मंडळांनी, भजनी मंडळांनी मनावर घेतले, तर आठवड्यातून एकदा एका घरी जाऊन तासभर बसणे अवघड नाही. तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फिन मिळालेच पाहिजे, ही मागणी रस्त्याच्या आणि पाण्याच्या मागणीइतक्याच जोराने लोकप्रतिनिधींकडे करता येईल.

आणि घरात काय करावे? वैद्यकीय इच्छापत्र जरूर करावे; पण त्यावर सही करण्याआधी ते घरच्यांना वाचून दाखवावे. मी कुठे असावे, घरी की रुग्णालयात? माझ्या वतीने कोणी बोलावे? कोणाला बोलावून घ्यावे? कोणता अभंग किंवा कोणते गाणे कानांवर पडावे? धडधाकट असताना हे बोलणे अशुभ वाटते, म्हणून आपण ते टाळतो. पण चहाच्या कपासोबत रविवारी सकाळी झालेले असले बोलणे, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर रात्री दोन वाजता भावंडांत होणाऱ्या भांडणापेक्षा कितीतरी शुभ असते.