वनांचे मुद्दल

व्याजावर संसार करावा, मुद्दलास हात लावू नये, अशी शिकवण आपल्याकडील वडीलधारी माणसे देत आली आहेत. पैशाच्या व्यवहारात ही गोष्ट लहान मुलासही पटते. शंभर रुपयांच्या ठेवीवर वर्षाला सहा रुपये व्याज मिळत असेल आणि आपण दरवर्षी दहा रुपये काढू लागलो, तर काही वर्षांनी ठेवही उरणार नाही आणि व्याजही उरणार नाही. अरण्याचा हिशेब याहून निराळा नाही. उभे जंगल हे मुद्दल होय. त्यात दरवर्षी होणारी नवी वाढ हे त्याचे व्याज. मुलांनो, वनसंपत्तीविषयी मोठी माणसे हिरिरीने जे वाद घालतात, त्यांतील पुष्कळसे याच हिशेबापाशी येऊन थांबतात.

हा हिशेब ग्रंथरूपाने मांडणारा एक गृहस्थ वनाधिकारी नव्हता, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात खाणींचा अधिकारी होता. खनिजातून चांदी काढण्यास कोळसा लागे आणि कोळशासाठी लाकूड लागे. आसपासची अरण्ये उजाड होऊ लागली, तेव्हा जंगल संपले तर खाणीही बंद पडतील, हे त्याने ओळखले. जेवढे उगवेल तेवढेच तोडावे, हा विचार त्याने १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. वृक्षप्रेमाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उद्योगाची काळजी त्याच्या मनात होती.

आपल्या देशातही ही जाणीव उद्योगामुळेच झाली. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली आणि पुढे लोहमार्ग देशभर पसरू लागले. रुळांखाली घालावयाच्या लाकडी स्लीपरांसाठी जंगलेच्या जंगले तोडली गेली. तेव्हा १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या हाताखाली वनखाते स्थापन झाले. १८६५ व १८७८ साली वनांचे कायदे झाले. त्यामुळे वृक्षतोडीस काही शिस्त लागली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या अरण्यात माणसे राहत आली होती, तेथील पाने, फळे नि लाकूड घेण्यास त्यांना परवानगी मागावी लागू लागली. ती आपल्याच घरात परकी झाली. मुद्दल वाचविण्याच्या खटपटीत घरातील माणसांनाच दाराबाहेर काढावे, हा न्याय मला कधीच पटला नाही.

याचे कारण समजण्यासाठी महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, गडचिरोली जिल्ह्यात गेले पाहिजे. आपल्या राज्यात नोंदलेले वनक्षेत्र एकूण भूमीच्या सुमारे एक पंचमांश आहे. या एका जिल्ह्यात मात्र निम्म्याहून कितीतरी अधिक भूभाग वनाने आच्छादलेला आहे. येथील आलापल्लीचा साग सर्वत्र नावाजलेला आहे. शहरातील व्यापाऱ्यास विचारा, तो तुम्हांस सागाचाच भाव सांगेल. पण तेथल्या गोंड किंवा माडिया कुटुंबास विचारा. ते साग शेवटी सांगतील. चैत्राच्या पहाटे मोहाची फुले टपटप गळतात, ती वेचून वाळविली म्हणजे खावयासही होतात आणि विकावयासही. मोहाच्या बियांतून तेल निघते. चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक, मध ही प्राप्ती निराळीच. वैशाखात तेंदूची पाने तोडावयाची, सत्तर पानांचे एक पुडके बांधावयाचे आणि संध्याकाळी ते गावच्या फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, न्यावयाचे. ही पाने विड्यांसाठी जातात. विडीचे व्यसन मला मुळीच मान्य नाही. परंतु शेतात काम नसते त्या दिवसांत पावसाळ्याची बेगमी याच पानांवर होते, हे सत्य नाकारून चालणार नाही. मोह व तेंदू ही झाडे न पाडता मिळणारे हे उत्पन्न आहे. हेच खरे व्याज.

आता बांबूची कथा पाहा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. एका बेटात दरवर्षी नवे कोंब येतात. गडचिरोलीकडे त्यांना वास्ते म्हणतात. कोवळे बांबू राखून जून झालेले तेवढे तोडले, तर बेट वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहते. पण १९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती. बल्लारपूरच्या कागद कारखान्यास बांबू पुरविला जाई आणि त्या तोडणीत जंगलाकाठच्या माणसाच्या वाट्यास मजुरी तेवढी येई. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपजात, म्हणजे किरकोळ वनोत्पन्नात, स्थान दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावास २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा परवानाही मिळाला. पुढे २०१७ साली १९२७ च्या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. कायद्यातील एका शब्दाने गावाची तिजोरी रिकामी राहते किंवा भरते, हे आमच्या व्याकरणाच्या वर्गात कधी कोणी सांगितले नव्हते!

काही सज्जन म्हणतात, जंगलातील काडीलाही हात लावू नये. त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. अभयारण्यांच्या गाभ्यात तसेच असले पाहिजे. परंतु सर्वच जंगलांना हा नियम लावला तर घरे, खुर्च्या व कागद यांसाठी आपण परदेशातून लाकूड आणू किंवा लोखंड, सिमेंट व प्लॅस्टिक अधिक वापरू. आणि ज्या जंगलातून गावास काहीच मिळत नाही, त्यास वणवा लागला तर विझविण्यास कोण धावेल? वनवासी माणसाचे सर्वच बरोबर असते, असेही नाही. मोहाची फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि तीच आग कधी कधी डोंगर चढते. त्याची हानी मोठी आहे. तथापि जंगल आपले आहे असे ज्याला वाटते, त्यालाच ही चूक समजावून सांगता येते.

जे उत्पन्न कोणाच्याच खातेवहीत लिहिले जात नाही, त्याविषयीही दोन शब्द सांगतो. १८६० साली पुरा झालेला विहार तलाव आज मुंबईतील राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. १८९२ सालच्या तानसा तलावाभोवतीही वन आहे. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून तलाव गाळाने लवकर भरत नाहीत. मुंबईकर पाणीपट्टी भरतो, तीत नळाचा व पंपाचा खर्च असतो. झाडांचे देणे मात्र तीत दाखविलेले नसते.

आणि साग? तोडण्याजोगा होण्यास त्याला साठ-सत्तर वर्षे सहज लागतात. या पावसाळ्यात लावलेले रोप तोडणीस येईल तेव्हा तुमचे केस पांढरे झालेले असतील. आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा एक तुकडा मुद्दाम न तोडता राखला आहे. त्याला ‘वनवैभव’ म्हणतात. २०१४ साली त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. आपल्याला एवढे उंच, एवढे सरळ साग पाहता यावेत म्हणून आपल्या अगोदरच्या कोणीतरी तेथे कुऱ्हाड चालू दिली नाही.