चेहऱ्यावरून फिरणारा हात कोणाचा?

१/ जेडचा रोलर, गुआ शा, 'आयुर्वेदिक फेस मसाज' यांची सध्या समाजमाध्यमांवर चलती आहे. प्रत्येकाला 'पूर्वेचे हजारो वर्षांचे रहस्य' हे बिरुद चिकटवलेले असते. माझ्या मते या बिरुदात इतिहास थोडा आणि जाहिरात फार आहे. इतकेच नव्हे, तर खरा इतिहास त्याच्याच आड दडतो. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी ग्रंथ पाहू. साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त रोज अभ्यंग करावा असे सांगितले आणि डोके, कान व पाय यांवर विशेष भर दिला. त्या ठिकाणी चेहऱ्याचे वेगळे नाव नाही. चेहऱ्यासाठी त्याने निराळ्या अध्यायात मुखलेप सांगितला. त्याचे प्रकार तीन. त्यांतला एक वर्ण उजळण्यासाठी. लेप वाळण्यापूर्वी काढावा, हेही तो बजावतो.

३/ आता आपल्या जवळचा पुरावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजाच्या स्नानभोगात सुगंधी तेले आणि उटणी यांचे वर्णन तेथे आहे. पण हा राजाचा भोग आहे. ते तेल चोळणाऱ्याचे चरित्र मात्र कोणी लिहिले नाही.

४/ गुआ शाची गोष्टही तशीच. चीनमध्ये तो मुळात दुखण्यावरचा उपाय: पाठीवर, मानेवर गुळगुळीत कड घासायची, कातडी लाल होईपर्यंत. गालांवरून हळुवार फिरणारा गुलाबी दगड हे त्याचे अलीकडचे रूप आहे. प्राचीन नाव आणि नवा माल, असा हा मेळ.

५/ मग मर्दन केवळ पूर्वेचे का? नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने व्यायामाआधी आणि नंतर अंग कसे चोळावे, जोरात की हलके, याची सविस्तर चर्चा केली आहे. रोमन स्नानगृहांत तेल लावायचे आणि धातूच्या वक्र पट्टीने ते निपटून काढायचे, अशी रीत होती. हे काम बहुधा गुलामांकडे असे.

६/ १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले आणि ब्रायटनमध्ये त्यांनी वाफेचे स्नान व चंपी यांचे स्नानगृह काढले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना 'शॅम्पूइंग सर्जन' नेमले. 'शॅम्पू' या शब्दाचा मूळ अर्थ चोळणे, दाबणे. तो आपल्या चंपीचाच सोयरा. पुढे शब्द बाटलीत शिरला आणि हात बाहेर राहिला.

७/ 'स्वीडिश मसाज'चे श्रेय सहसा पेर हेन्रिक लिंग यांना देतात. त्यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामसंस्था काढली, हे खरे. पण या मसाजच्या हस्तक्रियांची प्रचलित फ्रेंच नावे रूढ झाली ती डच वैद्य योहान मेझगर यांच्या परंपरेतून. देशाची पाटी इतिहासाला किती सहज चुकवते, त्याचा हा नमुना.

८/ आणि आता सर्वांत नवलाची गोष्ट. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये एलेनॉर अडेअर या बाई चेहऱ्याच्या उपचारांचे सलून चालवत. त्यांच्या तेलाचे नाव काय? 'गणेश ईस्टर्न मसल ऑइल'! एलिझाबेथ आर्डेन याच सलूनमध्ये काम करून पुढे १९१० साली स्वतंत्र झाल्या. 'पूर्वेचे रहस्य' ही विक्रीची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, ती अशी.

९/ राजा, वैद्य, स्नानगृह, सलून या सगळ्यांत राबणारा हात मात्र निनावी आहे. महाराष्ट्रात तो मुख्यतः दोघांचा: न्हाव्याचा आणि बाळंतघरातल्या बाईचा. हजामत, डोक्याला तेल, अंग रगडणे आणि लग्नकार्यातली कामे हे न्हाव्याचे बलुते. त्याचा मोबदला धान्यात मिळे आणि मान पंगतीत ठरे.

१०/ ज्यांना आपण मानाने आठवतो, ते प्रतापगडचे जिवा महाला (१६५९) आणि पन्हाळ्याचे शिवा काशीद (१६६०) परंपरेने नाभिक समाजातले. संत सेना महाराजही त्याच व्यवसायातले. आरसा आणि चिमटा ही धंद्याची अवजारे त्यांनी अभंगात आणली. तलवार आणि भक्ती आपल्या लक्षात राहिली. कसब मात्र आपण 'हलके' ठरवले.

११/ स्पर्शाचा इतिहास हा जातीचाही इतिहास आहे. कोणाच्या चेहऱ्याला कोणी हात लावायचा, हे गाव ठरवी. दलितांची हजामत नाकारली जाई. विधवेच्या डोक्यावर वस्तरा फिरवण्याचे काम मात्र त्याच हातावर लादले जाई. १८९० साली मुंबईत 'दीनबंधु'चे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन केशवपनास नकार दिला. हाताने 'नाही' म्हटल्याचा हा क्षण कोणत्याही सौंदर्यग्रंथाहून मोलाचा आहे.

१२/ दुसरा हात भाषेत जपला गेला आहे: 'न्हाऊमाखू घालणे'. माखणे म्हणजे तेलाने चोपडणे. बाळाची टाळू भरणे, कपाळावरून अंगठे फिरवणे, नाक सरळ व्हावे म्हणून ते हलकेच ओढणे, हे आपल्या घरोघरचे मुखमर्दन. आमच्या झाडीपट्टीत त्यासाठी जवसाचे किंवा मोहाच्या बियांचे तेल असे. नाकाचे हाड त्याने बदलत नाही. बाळ मात्र निवांत झोपते, आणि तेवढा लाभ पुरेसा आहे.

१३/ 'मग परंपरेचा अभिमान बाळगायचाच नाही का?' अवश्य बाळगावा. पण त्याचा पत्ता बरोबर असावा. सौंदडच्या सलूनात चंपी करणारा कारागीर आणि महानगरातल्या 'वेलनेस'च्या पाटीखालचा दर, यांत कसबाचे अंतर फारसे नाही. अंतर आहे ते प्रतिष्ठेचे, आणि ते इतिहासाने घडवले आहे. परंपरा 'पाच हजार वर्षांची' म्हणून गौरवायची आणि ती जगवणाऱ्याला नाव विचारायचे नाही, हा अभिमान अर्धवट आहे.

१४/ म्हणून एक विनंती. तुमच्या गावात बाळाला माखणाऱ्या आजी, जुने कारागीर असतील तर त्यांच्याशी बोला. तेल कोणते, हाताच्या क्रियेला शब्द कोणता, मोबदला काय मिळे, हे लिहून ठेवा आणि येथे उत्तरात कळवा. राजाच्या स्नानाचे वर्णन आठ-नऊशे वर्षे टिकले. या हातांचे वर्णन आपण आज केले नाही, तर ते या पिढीबरोबरच जाईल.