पाहिजेत : पृथ्वी वाचवण्यासाठी पाच मुली

पृथ्वीवर संकट आलं की ते निवारायचं कोणी, याची सोय आपल्या पुराणांनी फार पूर्वीच लावून ठेवली आहे. पृथ्वी गाईचं रूप घेऊन देवांकडे जाते, देव ब्रह्मदेवाकडे जातात, ब्रह्मदेव सगळ्यांना घेऊन क्षीरसागराच्या काठी जातो आणि अखेर शेषावर पहुडलेल्या सर्वश्रेष्ठांना अवतार घ्यावा लागतो. थोडक्यात, अर्ज खालून वर जातो. बँकेतही तो तसाच जातो. फरक इतकाच, की बँकेत वरचे साहेब उठत नाहीत.

जपानी चित्रकथांनी ही पद्धत साफ उलटी केली आहे. तिथे संकट येतं आकाशातून, आणि ते निवारण्याचं काम घरंगळत घरंगळत येऊन पडतं ते थेट शाळकरी मुलीच्या दप्तरात!

‘तोक्यो म्यू म्यू’ हीच चित्रकथा घ्या. कथा रेइको योशिदांची, चित्रं मिआ इकुमींची. ‘नाकायोशी’ या मुलींच्या मासिकात ती २००० ते २००३ या काळात क्रमशः आली. तिचे सात खंड झाले, टीव्हीवर ५२ भाग झाले आणि २०२२ साली तीच गोष्ट टीव्हीवर पुन्हा नव्याने आली. माझ्या भाचीने हे खंड माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, “मामा, वाचा. पर्यावरणावर आहे.” मी वाचले. आवडीने वाचले. आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे.

गोष्ट अशी. इचिगो नावाची मुलगी आपल्या आवडत्या मुलाबरोबर नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या प्रदर्शनाला जाते. (आमच्या काळी चौपाटीवर भेळेने भागत असे.) तिथे एक किरण तिच्या अंगात शिरतो आणि त्याबरोबर इरिओमोते बेटावरच्या रानमांजराचे गुणसूत्रही. तेव्हापासून ती जरा लाजली की डोक्यावर मांजराचे कान उगवतात. मग अशाच आणखी चौघी सापडतात. एकीत निळा पोपट, दुसरीत पाठीवर पर नसलेला डॉल्फिनचा एक लहानखुरा भाऊबंद, तिसरीत सोनेरी आयाळीचं माकड आणि चौथीत करडा लांडगा. या पाचजणींनी परग्रहावरून आलेल्या आक्रमकांशी लढायचं.

हा बेत रचणारा कोण? शिरोगाने नावाचा एक गडगंज तरुण. त्याने मुलींना विचारलं का? नाही. त्यांच्या आईबापांना? नाही. आमच्याकडे साधं चेकबुक द्यायचं तर तीन ठिकाणी सही लागते. इथे अख्खं मांजर अंगात घातलं आणि संमतीचा कागद नाही! वर या मुलींनी त्याच्याच कॅफेत पोरसवदा वेट्रेस म्हणून कपबशा उचलायच्या. सकाळी शाळा, संध्याकाळी ट्रे, मध्येच पृथ्वी. आमच्या युनियनच्या भाषेत याला तीन पाळ्या म्हणतात. त्यातली मिंट ही श्रीमंत घरची मुलगी कामाच्या वेळात निवांत चहा पीत बसते. पाचजणींत नोकरीचं मर्म तेवढं तिलाच कळलेलं दिसतं. आणि सगळ्यांत धाकटी पुदिंग प्राथमिक शाळेत आहे. घरी धाकट्या भावंडांना तीच सांभाळते. तिच्या डोक्यावर आणखी पृथ्वी ठेवताना कोणाचा हात थरथरत नाही.

आता ते आक्रमक. त्यांची बाजूही ऐका. त्यांचे पूर्वज मूळचे पृथ्वीवरचेच. आपत्ती आल्या म्हणून त्यांना घर सोडून जावं लागलं. परत येऊन पाहतात तो भाडेकरूने नळ फोडलेले, भिंती काळ्या केलेल्या, मोरी तुंबलेली. मुंबईतला कुठलाही घरमालक यापुढे जे करील तेच ते करतात. पण त्यांची ही तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे ती मोठी माणसं लढाईच्या वेळी असतात कुठे? ती कामावर गेलेली असतात. लढायला उभ्या राहतात त्या पोरी.

यावर भाचीच्या पिढीचं उत्तर तयार आहे. “अहो मामा, यातून मुलींना बळ मिळतं!” मिळतं ना, मी कुठे नाही म्हणतो? राजपुत्राची वाट बघत बसण्यापेक्षा स्वतः उठून लढणारी मुलगी केव्हाही चांगली. पण मुलीला बळ देणं वेगळं आणि तिच्या अंगात बळ आहे म्हणून आपलं ओझं तिच्या पाठीवर टाकणं वेगळं. पहिल्याला कौतुक म्हणतात. दुसऱ्याला हमाली म्हणतात.

“मासिकातली गोष्ट ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” असंही म्हणतील. घेतो, कारण ही गोष्ट मासिकात राहिलेली नाही. दर ५ जूनला सोसायटी-सोसायटीत चित्रकला स्पर्धा होते. मुलं हिरवी झाडं आणि रडणारी पृथ्वी काढतात. पाहुणे म्हणतात, “बाळांनो, पृथ्वीचं भवितव्य तुमच्या हाती आहे!” टाळ्या पडतात. आणि ज्या हाताने बक्षीस दिलं जातं, त्याच हाताने पार्किंगसाठी आंबा तोडायच्या ठरावावर सही झालेली असते.

वास्तविक प्राणी वाचतात कसे, ते त्या पाचजणींच्याच प्राण्यांना विचारा. इरिओमोतेचं रानमांजर जगाला कळलं १९६५ साली. आज ती शंभराच्या आसपास उरली आहेत, आणि गाडीखाली सापडणं हा त्यांच्यावरच्या मोठ्या संकटांपैकी एक. परग्रहाची तबकडी नव्हे, साधी चारचाकी. म्हणून तिथे रस्त्याखालून मांजरांसाठी बोगदे काढले आहेत, गाडी हळू चालवा अशा पाट्या लावल्या आहेत. म्हणजे ते मांजर वाचायचं असेल तर ते इचिगोच्या जादूने नव्हे, ब्रेकवरच्या एका प्रौढ पायाने वाचेल.

पुदिंगचं सोनेरी माकड ब्राझीलचं. १९७० च्या सुमारास रानात जेमतेम दोनशे उरली होती. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडं जंगलात सोडली, जमीनदारांची मनधरणी केली, तुटलेल्या जंगलांच्या मध्ये झाडं लावून ती जोडली, महामार्गावर झाडांचा पूल बांधला. २०२३ च्या मोजणीत ती सुमारे ४,८०० भरली. यात रिबीन नाही, मंत्र नाही, कपडे बदलण्याचा चमत्कार नाही. आहेत त्या बैठका, नकाशे, खड्डे, रोपं आणि चाळीस-पन्नास वर्षांचा कंटाळा. आणि हा कंटाळा मोठ्या माणसांनी केला.

उलट लांडगा पाहा. होक्काइदोतले लांडगे एकोणिसाव्या शतकात सरकारनेच विष घालून आणि बक्षिसं लावून संपवले. त्यासाठी कोणी परग्रहावरून आलं नव्हतं. तिथेही काम मोठ्या माणसांनीच केलं, आणि कसोशीने केलं.

मी बी. कॉम. झालो तेव्हा जे काही शिकवलं त्यातलं थोडंच लक्षात राहिलं. पण १८७२ चा कराराचा कायदा पक्का बसला आहे. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही. तिच्या सहीवर कर्ज देता येत नाही, दिलं तर तिच्याकडून वसूल करता येत नाही. मराठी कागदपत्रांत अशा व्यक्तीला ‘अज्ञान’ म्हणतात. आपण मोठ्या माणसांनी मात्र हवा, पाणी, जंगल यांवर भरमसाट उचल घेतली, हप्ते थकवले आणि जामीनदार म्हणून खाली नाव घातलं ते प्राथमिक शाळेतल्या पुदिंगचं. हे कर्ज कुठल्याही कायद्यात तिच्याकडून वसूल होणार नाही. ज्यांनी घेतलं त्यांनीच फेडायचं आहे. आणि त्या कागदांवर ‘अज्ञान’ हा शब्द कोणाच्या नावापुढे लिहायचा, तेही एकदा नीट तपासून घ्यायला हवं.