विश्लेषण : पन्नाशी ओलांडलेली मोटार जपायची, पण चालवायची नाही?

एमजी, ट्रायम्फ, जॅग्वार या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार म्हणजे संस्थानिकांची आणि मुंबईतील धनिकांची हौस, असा समज आहे. मात्र पन्नास वर्षांवरील वाहनांना केंद्राने दिलेला ‘व्हिंटेज’ दर्जा, जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे वाढलेले शुल्क आणि पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉल या तीन गोष्टींमुळे हा विषय सोलापूरसारख्या शहरात आजोबांची गाडी शेडमध्ये झाकून ठेवणाऱ्या कुटुंबापर्यंतही पोहोचला आहे. गाडी ठेवायची, तर कोणत्या नोंदणीवर आणि कशी?

ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारशी आपले नाते काय?

वाटते त्यापेक्षा जवळचे. मद्रासमधील स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून तयार केलेली ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही मूळची ब्रिटनमधील ट्रायम्फ हेराल्ड. तिची रचना इटालियन डिझायनर जोव्हानी मिकेलॉत्ती यांची. याच हेराल्डची चॅसी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये ‘स्पिटफायर’ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार आणली. अँबॅसिडरचेही तसेच. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात अनेक वर्षे असलेले १४८९ सीसीचे ‘बी-सिरीज’ इंजिन म्हणजे १९५५ च्या ‘एमजीए’ या स्पोर्ट्‌स कारमधील इंजिनाचे भावंड. अँबॅसिडरचे टॅपेट लावत हात बसलेल्या मेकॅनिकला एमजीचे बॉनेट उघडल्यावर फारसे परके वाटणार नाही, ते यामुळेच.

‘व्हिंटेज’ दर्जा कोणाला मिळतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी यासाठी पात्र ठरते. ती मूळ स्वरूपात हवी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. अर्ज परिवहन पोर्टलवर करायचा. आधीच नोंदणी झालेल्या गाडीला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते.

यातली मेख वापराच्या अटीत आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल आणि त्यासाठीची ये-जा, एवढ्यासाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. रोजचा किंवा व्यावसायिक वापर चालत नाही. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन अक्कलकोटला जाऊन येणे या यादीत बसत नाही.

खर्चाचे गणित काय सांगते?

व्हिंटेज म्हणून नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर पुढील फेरनोंदणीचे पाच हजार. हा मार्ग नको असेल, तर नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मधील वाढीनंतर वीस वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क दहा हजार रुपये आहे. आयात केलेल्या चारचाकीसाठी ८० हजार. करांचा बोजा वेगळाच.

म्हणजे ब्रिटनहून आलेल्या एमजीच्या मालकाला नेहमीच्या नोंदणीवर दहा वर्षांत एक लाख ६० हजार रुपये मोजावे लागतील, तर व्हिंटेज नोंदणीत २० हजारांत काम होईल. त्याच्यासाठी निवड सोपी आहे. मद्रासमध्ये बनलेल्या हेराल्डच्या मालकाला मात्र दोन्ही मार्गांनी पहिल्या दहा वर्षांत सारखेच, २० हजार रुपये लागतात. नेहमीच्या नोंदणीत गाडी कधीही काढता येते, व्हिंटेजमध्ये नाही. व्हिंटेज गाडीला ‘थर्ड पार्टी’ विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सवलत आहे, पण तेवढ्यासाठी कोणी चालवण्याचा हक्क सोडेल असे नाही. जी गाडी इथेच बनली, इथेच वापरली गेली, तिच्या मालकाला हा दर्जा घेण्याचे फारसे कारणच उरत नाही.

उभी गाडी टिकते का?

टिकत नाही, हा कोणत्याही जुन्या मेकॅनिकचा अनुभव. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ब्रेक सिलिंडर जाम होतात, टाकीतले पेट्रोल खराब होऊन कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो, रबरी सील सुकतात, टायर एका जागी बसतात. सोलापूरची कोरडी हवा पत्र्याला मानवते. किनारपट्टीवर गंज जितका लवकर धरतो तितका इथे धरत नाही. पण चाळिशीपार जाणारा उन्हाळा रबर, डॅशबोर्ड आणि कूलिंगची परीक्षा पाहतो. ब्रिटनच्या थंड हवेसाठी बनवलेला रेडिएटर मे महिन्यात वाहतुकीत अडकला की पाणी उकळते, पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते आणि इंजिन बंद पडते. अशा गाडीला ठरावीक दिवसांनी दहा-पंधरा किलोमीटर फिरवणे हीच तिची खरी देखभाल असते.

इथेनॉलचा त्रास किती?

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उसापासून बनणारे इथेनॉल शेतकऱ्यांना आणि कारखान्यांना आधार देते, हे खरे. मात्र १९६० च्या दशकातील इंजिन त्यासाठी बनलेले नाही. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि डायफ्राम मऊ करते, हवेतील ओलावा ओढून घेते आणि त्यातून टाकीला आतून गंज चढतो. शिवाय पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. आधुनिक गाडीतील संगणक हा फरक ओळखून जास्त इंधन सोडतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. परिणामी इंजिनाला इंधन कमी पडते आणि ते अधिक तापते.

यावर उपाय आहेत. इथेनॉलला दाद न देणारे पाइप व सील बसवणे, कार्बोरेटरचे मिश्रण थोडे ‘रिच’ करणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करणे. शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झाले, तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटचा प्रश्न आला होता. कठीण धातूच्या सीट बसवून तो सुटला.

सुटे भाग आणि कारागीर?

ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक ‘एमजीबी’ बनल्या. तिची संपूर्ण बॉडी शेल आजही मूळ साच्यांवर नव्याने तयार होते. हेराल्डच्या मालकाचेही बरेच भाग ट्रायम्फच्या पुरवठादारांकडे मिळतात, पण आयात खर्च भागाच्या किमतीला गाठतो. म्हणून अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतील लेथवर बुश, पिन, स्पिंडल घडवून घेणे हाच अनेकांचा मार्ग. यंत्रमागाचे भाग दुरुस्त करत आलेल्या या शहराला ते कौशल्य नवे नाही. अडचण आहे ती कार्बोरेटर ‘ट्यून’ करणाऱ्या पिढीची. ती निवृत्त होत आहे आणि नव्या मुलांचे शिक्षण स्कॅनरवर होते.

गाडी प्रदर्शनात मांडायची, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. परीक्षक चकाकीपेक्षा मूळपणा पाहतात. मूळ रंग, मूळ इंजिन क्रमांक, काळाला साजेसे टायर यांना गुण मिळतात. हौसेने बसवलेले एसी आणि अलॉय व्हील गुण घालवतात. त्यामुळे जुनी पावत्या-पुस्तके, नोंदणीचे मूळ कागद आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवणे शहाणपणाचे.

इतर देशांत काय?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील मोटारीला वाहन कर माफ आहे. मोठे फेरबदल नसतील तर वार्षिक तपासणीतूनही सूट आहे आणि ती कोणत्याही दिवशी चालवता येते. जर्मनीत तीस वर्षांपासून ऐतिहासिक वाहनाची वेगळी पाटी मिळते. १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटनाही तीस वर्षांची मर्यादा मानते. आपल्याकडे ती ५० आहे. त्यामुळे १९८० च्या दशकातील प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० कोणत्याच वर्गात बसत नाही. वारसा ठरण्याआधीच ती भंगारात जाण्याची शक्यता अधिक.

मग काय व्हायला हवे?

जुन्या वाहनांच्या प्रदूषणाची चिंता रास्त आहे. रोज धावणारा वीस वर्षांचा टेम्पो आणि वर्षाला पाचशे किलोमीटर चालणारी हेराल्ड यांना मात्र एकाच मापाने मोजता येत नाही. व्हिंटेज नोंदणीत वर्षाला ठरावीक किलोमीटरची मुभा द्यावी आणि ओडोमीटरची नोंद विम्यासोबत घ्यावी. वयाची अट टप्प्याटप्प्याने खाली आणावी. आयटीआयमध्ये जुन्या इंजिनांचा छोटा अभ्यासक्रम असावा. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

कोल्हापुरात शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची १९३० च्या दशकातील मेबॅक रस्त्यावर येते, तेव्हा तिला पाहायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी असतात. ती गाडी टिकली, कारण ती अजून बाहेर काढली जाते. सोलापूरच्या शेडमधील हेराल्डला राजघराणे नाही. तिला टिकवायचे तर तिच्या मालकाला अधूनमधून किल्ली फिरवण्याची परवानगी तरी कायद्याने द्यायला हवी.