एक दशांश सेकंदाचे ओझे

खेळाडूने पदक जिंकले की ते राष्ट्राचे ठरते. ते हुकले तर अपयश मात्र त्या खेळाडूचे एकट्याचे राहते. या व्यवहारातील अन्याय ज्यांना समजून घ्यावयाचा असेल, त्यांनी जपानच्या हिदेको माएहाता या जलतरणपटूची कारकीर्द अवश्य पाहावी.

हिदेकोचा जन्म १९१४ साली वाकायामा प्रांतातील हाशिमोतो या गावी झाला. तिच्या आई-वडिलांचे टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीराचे, दुकान होते. प्रकृतीने अशक्त असलेली ही मुलगी गावच्या किनोकावा नदीत पोहायला शिकली. पुढे नागोया येथील मुलींच्या एका शाळेने तिला आधार दिला. १९३१ साली काही महिन्यांच्या अंतराने तिची आई व वडील दोघेही वारले. तरीही १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये तिने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यतीत रौप्यपदक मिळविले. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिसने तिला अवघ्या एक दशांश सेकंदाने मागे टाकले होते.

एका श्रमिक घरातील पोरक्या मुलीचे हे यश असामान्य होते. परंतु १९४० चे ऑलिम्पिक आपल्या शहरात आणण्यासाठी धडपडणाऱ्या तोक्योच्या महापौरांना सुवर्णपदक न मिळाल्याची हळहळ अधिक वाटली. निवृत्तीचा विचार करणाऱ्या हिदेकोवर आणखी चार वर्षांचे ओझे येऊन पडले.

११ ऑगस्ट १९३६ रोजी, हिटलरच्या बर्लिनमध्ये, ती पुन्हा त्याच शर्यतीसाठी उभी राहिली. जर्मनीची मार्था गेनेंगर तिच्या अगदी निकट होती. जपानमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. नभोवाणीचा निवेदक वर्णन सोडून ‘माएहाता, जोर लाव’ असा वीसहून अधिक वेळा ओरडला. ३ मिनिटे ३.६ सेकंदांत तिने शर्यत जिंकली. ऑलिम्पिक सुवर्ण मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री. मात्र हरलो तर जगायचे नाही, असा विचार तेव्हा तिच्या मनात होता. बावीस वर्षांच्या मुलीला पराभवापेक्षा मरण बरे वाटावे, यात तिचा गौरव शोधणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा.

त्याच ध्वजाखाली दोनच दिवस आधी सोन की-जोंग या कोरियन धावपटूने मॅरेथॉन जिंकली होती. त्याचा देश जपानच्या गुलामीत होता. त्याच्या छायाचित्रातील जपानी ध्वज पुसून टाकणारे कोरियन वृत्तपत्र वसाहती सरकारने बंद पाडले. विजेत्यांच्या घामावर सत्ता आपला हक्क कसा सांगते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले आणि १९३८ मध्ये, एवढ्या खटपटीने मिळविलेले १९४० चे ऑलिम्पिकही सोडून दिले.

परंतु ही कारकीर्द बर्लिनला संपत नाही. विवाहानंतर आणि पतीच्या निधनानंतरही हिदेकोबाई पोहण्याचे शिक्षण देत राहिल्या. नागोयात त्यांनी सामान्य गृहिणींसाठी, मुलांच्या आयांसाठी, वर्ग चालविले. सत्तरीच्या उंबरठ्यावर मेंदूतील रक्तस्रावाने अंथरूण धरले, त्यातून उठून त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. १९९५ साली त्या वारल्या. यादरम्यान देशही काही शिकला होता. १९५५ मध्ये ‘शिउन मारू’ ही नौका बुडून १६८ जण मृत्युमुखी पडले. त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. त्यानंतरच्या दशकांत जपानने सर्वसामान्य शाळांतून तलाव बांधले आणि पोहणे हा शिक्षणाचा भाग केला.

समाजवाद्यांनी खेळाकडे पाहावे ते या अंगाने. पदक हे समाजाच्या आरोग्याचे फळ असावे, त्याच्या दारिद्र्यावर घातलेले पांघरूण नव्हे. आपल्याकडेही पदकाच्या दिवशी मिरवणुका निघतात. परंतु वस्तीतील मुले विहिरीत आणि खाणींच्या डोहांत पोहायला शिकतात, आणि काही तेथेच बुडतात. सार्वजनिक तलाव असलाच, तर त्याची फी मजुराच्या खिशाला परवडते काय, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत विचारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. विजेता कोणाच्या ध्वजाखाली उभा राहिला याची नोंद इतिहास ठेवीलच. त्याच्यामागून किती सामान्य माणसांना पाण्यात निर्भयपणे उतरता आले, याचा हिशेब मात्र आपणच मागितला पाहिजे.