पाण्यात वजन कोण पेलते?



खेळाचा तास सुरू झाला की एखादा मुलगा मैदानाच्या कडेला बसलेला तुम्ही पाहिला असेल. त्याचा पाय अधू असतो. बाकीच्यांची घड्याळे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचे काम त्याच्याकडे असते. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नाही. मला मात्र वाटते. का, ते एका सैनिकाच्या उदाहरणावरून सांगतो.

मुरलीकांत पेटकर हे मूळचे सांगली जिल्ह्यातले. सैन्याच्या ईएमई विभागात ते होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळायला २००८ साल उजाडावे लागले, हे लक्षात घ्या.

अशा माणसाविषयी बोलताना आपण ‘जिद्द’ हा एक शब्द उच्चारतो आणि मोकळे होतो. जिद्द होतीच. पण जिद्दीने लुळा पाय धावू लागत नाही. मग पाण्यातच असे काय होते?

आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्ही पाठ केला आहे. आता तो अंगाला लावून पाहा. आपल्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. ५० किलोचा मुलगा पूर्ण बुडाला, तर सुमारे ५० लिटर पाणी बाजूला सारतो आणि तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल त्याला वर ढकलते. जमिनीवर जे ओझे दोन पाय पेलतात, ते येथे पाणीच पेलते. पायांची मुख्य नोकरीच रद्द होते! शिवाय मुक्त शैलीत शरीर पुढे नेण्याचे बहुतांश काम हातांचे असते.

म्हणून काम सोपे होते असे मात्र समजू नका. ३७.३३ सेकंदांत ५० मीटर म्हणजे ताशी सुमारे ४.८ किलोमीटर. सकाळी डोंबिवली स्थानकाकडे लगबगीने निघालेल्या माणसाचा वेग साधारण एवढाच असतो. पण हवेपेक्षा पाणी सुमारे ८०० पट घन. पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या. वेग दहा टक्के वाढवायचा, तर शक्ती सुमारे एकतृतीयांश जास्त हवी. ती सगळी पेटकरांना खांद्यांतून आणि दंडांतून काढावी लागली.

ही दृष्टी एका डॉक्टरकडून आली. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांच्या उपचारांत खेळ आणला. १९४८ साली तेथे चाकांच्या खुर्चीतून धनुर्विद्येची स्पर्धा झाली, आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. २०१६पासून त्यात ट्रायथलॉनही आहे. पोहणे, सायकल आणि धावणे सलग. ज्याचे पाय चालत नाहीत तो हाताने फिरवायची सायकल घेतो आणि शेवटचा टप्पा शर्यतीच्या खुर्चीतून पार करतो. अंतर सर्वांना तेच असते, फक्त यंत्र बदलते. यात दयेचा भाग मला तरी कोठे दिसत नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याकडच्या बहुतेक तरणतलावांत उतरायला काय असते? उभी लोखंडी शिडी. पाण्यात ज्याला पायांची गरज नाही, त्याला पाण्यापर्यंत पोहोचायला मात्र पाय हवेतच! उताराची वाट आणि धरायला कठडा, एवढे केले तरी पुष्कळ भागते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६च्या कायद्यात खेळांच्या सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा पुढच्या वेळी तलावावर जाल, तेव्हा प्रवेशद्वारापासून पाण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आणि तो आकडा घड्याळे सांभाळणाऱ्या आपल्या मित्राला दाखवा. त्याला पोहायला यायचे आहे का, हे अजून कोणी विचारलेले नसेल.